हंस : पक्षी, प्रतीक आणि भाषांतर

इ. स. १८३५ मध्ये हेन्री हार्ट मिलमन या इंग्रज कवीने महाभारतातील नलोपाख्यानाचा पद्यानुवाद प्रसिद्ध केला. ऑक्सफर्डमध्ये काव्याचे अध्यापकपद भूषविलेल्या या धर्मोपदेशकाला नल-दमयंतीचे दूतकर्म करणाऱ्या हंसांपाशी आल्यावर एक टीप द्यावी लागली. मूळ कथेतील पक्षी बराच कमी काव्यमय आहे, तेव्हा आपल्या ‘गूस’चे ‘स्वान’ करण्याची मुभा आपल्याला असावी, असा त्या टिपेचा आशय आहे. स्वतःच्या वस्तूंचे अवास्तव कौतुक करणाऱ्याला आपले सगळे गूस स्वानच वाटतात, अशी एक म्हण इंग्रजीत आहे. मिलमनने तिच्यावरच कोटी केली.

ही टीप सहसा किस्सा म्हणून सांगितली जाते. प्रस्तुत निबंधात ती गंभीरपणे घ्यावयाची आहे. मिलमनने इंग्रजी वाचकासाठी जे जाणूनबुजून केले, ते पुढील काळात भारतीय वाचकाच्या बाबतीत नकळत घडून आले. महाराष्ट्राबाहेरच्या बहुभाषक वर्गात ‘हंस’ हा शब्द उच्चारला, की मराठी, हिंदी, तेलुगू अशा निरनिराळ्या भाषांच्या विद्यार्थ्यांच्या डोळ्यांपुढे बहुधा एकच आकृती उभी राहते : शुभ्र रंग, नजाकतीने वळलेली लांब मान, आणि संथ पाण्यावर एकट्याने तरंगणे. हा युरोपीय तलावांतील स्वान होय. अपवाद बंगाली विद्यार्थ्याचा. त्याच्या भाषेत ‘हाँस’ म्हणजे बदक, आणि ‘राजहाँस’ म्हणजे बहुधा गूस. ज्याला आपण अपभ्रष्ट वापर म्हणू, तोच येथे मुळाच्या अधिक जवळ राहिला आहे. मराठीत या दोन पक्ष्यांना स्वतंत्र व सर्वपरिचित नावे नसल्यामुळे पुढील विवेचनात ‘गूस’ आणि ‘स्वान’ हे इंग्रजी शब्दच ठेवले आहेत, आणि ‘हंस’ हा शब्द मूळ पाठातील पक्ष्यासाठी राखला आहे.

शब्दाचा इतिहास या बाबतीत पुरेसा स्पष्ट आहे. संस्कृत हंस, ग्रीक खेन, लॅटिन आन्सेर, जर्मन गान्स आणि इंग्रजी गूस ही एकाच इंडो-युरोपीय धातूची अपत्ये आहेत, आणि संस्कृताबाहेर या सर्वांचा अर्थ गूस असाच आहे. शब्द एक राहिला. त्याची प्रतिष्ठा मात्र दोन ठिकाणी दोन वाटांनी गेली. होमरच्या ओडिसीत पेनेलोपीला स्वप्नात आपले वीस पाळीव गूस दिसतात आणि त्यांच्या मृत्यूने ती रडते. रोममध्ये जुनो देवतेच्या गूसांनी ओरडून कॅपिटोल टेकडी वाचविल्याची कथा आहे. म्हणजे प्राचीन युरोपातही हा पक्षी क्षुद्र नव्हता. परंतु पुढे तो परसदारी आला, मेजवानीच्या ताटात गेला, मूर्खपणाचा वाचक बनला, आणि काव्यातील उच्चासन अपोलोच्या आणि लीडाच्या स्वानाने पटकाविले. मिलमनला वाटलेला संकोच हा या इतिहासाचा संकोच आहे. संस्कृत कवीला तो वाटण्याचे कारण नव्हते.

हा भारतीय गूस कोणता? हिवाळ्यात आपल्याकडे येणाऱ्या जातींपैकी दोन प्रमुख : करडा कलहंस आणि पट्टकादंब. पट्टकादंबाचे अंग फिकट राखाडी, डोके पांढरे, त्यावर मागच्या बाजूला दोन काळे आडवे पट्टे, चोच आणि पाय पिवळसर नारिंगी. लडाख, तिबेट, मंगोलिया, किर्गिझस्तान येथील उंचावरच्या सरोवरांकाठी तो अंडी घालतो आणि हिवाळा भारतात काढतो. दिल्लीकराला तो यमुनेवर ओखल्याच्या पाण्यात दिसतो, मराठवाड्यातील वाचकाला जायकवाडीच्या जलाशयावर. डच पंडित झां फिलिप फोगेल यांनी भारतीय साहित्य व कलेतील हंसावर लिहिलेला ग्रंथ त्यांच्या निधनानंतर १९६२ मध्ये लायडनहून प्रसिद्ध झाला. हंस म्हणजे गूसच, हे त्यांनी शिल्पाच्या आणि ग्रंथांच्या आधारे मांडले. का. ना. दवे यांनी संस्कृत साहित्यातील पक्ष्यांवरील आपल्या १९८५ च्या ग्रंथात हंस या नावाची व्याप्ती अधिक रुंद धरली असून तीत स्वानालाही जागा दिली आहे. कडक हिवाळ्यात क्वचित एखादा स्वान भारतीय उपखंडाच्या वायव्य भागात भरकटत येतो, हे खरे. त्यामुळे दवे यांचे म्हणणे सर्वस्वी फेटाळता येत नाही. पण प्रतीक क्वचित दिसणाऱ्या पक्ष्यावर उभे राहत नाही. दरवर्षी ठरल्या ऋतूत हजारोंनी येणारा आणि ठरल्या ऋतूत नाहीसा होणारा पक्षीच पिढ्यान्‌पिढ्यांच्या कल्पनेत घर करतो.

ऋग्वेदातील हंसाकडे या दृष्टीने पाहावे. तेथे तो पाण्यावर फारसा बसत नाही. यज्ञातील यूपांची रांग हंसांच्या रांगेसारखी वाटते. धावणारे दिव्य अश्व हंसांप्रमाणे ओळ धरतात. सातव्या मंडलातील एका मरुत्सूक्तात तर हंसांना ‘नीलपृष्ठ’ म्हटले आहे. पाठ काळपट-निळसर असलेला हंस स्वान असू शकत नाही. एवढा एक शब्दही पांढऱ्या पक्ष्याचे चित्र डोळ्यांपुढून बाजूला सारावयास पुरेसा आहे. परंतु भाषांतरे वाचणाऱ्यांपर्यंत तो पोहोचत नाही, कारण भाषांतरात पाठीचा रंग राहतो आणि पक्षी बदलतो.

छांदोग्य उपनिषदाच्या चौथ्या अध्यायाच्या आरंभी जानश्रुती पौत्रायण या दानशूर राजाची कथा आहे. रात्रीच्या वेळी त्याच्या डोक्यावरून हंस उडत जातात. एक हंस दुसऱ्याला बजावतो, की खाली जानश्रुतीचे तेज पसरले आहे, त्याला स्पर्श करू नकोस, भाजशील. दुसरा उत्तरतो, की गाडीवाल्या रैक्वापुढे हा कोण लागून गेला? राजा हे ऐकतो आणि सकाळी रैक्वाचा शोध सुरू होतो. आपण ही कथा ज्ञानाच्या श्रेष्ठतेसाठी वाचतो आणि हंसांना केवळ निमित्त मानतो. पण रात्रीच का? उपग्रहाच्या साहाय्याने पट्टकादंबांचा माग काढणाऱ्या संशोधकांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांनुसार हे पक्षी हिमालय ओलांडताना दिवसाच्या अनुकूल वाऱ्याची वाट न पाहता मुख्यतः रात्री व पहाटे उडतात, कारण तेव्हाची थंड, दाट हवा त्यांना अधिक सोयीची असते. याच संशोधनमालेत २०१३ मध्ये एका पक्ष्याने गाठलेली ७,२९० मीटर ही उंची नोंदविली गेली. उपनिषत्कारांना शरीरशास्त्र ठाऊक असण्याचा प्रश्नच नाही. मात्र अंधारात न दिसणारा थवा माथ्यावरून जात आहे आणि त्याचे एकमेकांशी चाललेले बोलणे तेवढे ऐकू येत आहे, हा अनुभव छताखाली न झोपणाऱ्या माणसांचा आहे. कथेची युक्ती या अनुभवातून आली आहे. श्वेताश्वतरात देहाच्या नऊ दरवाजांच्या नगरात राहूनही बाहेर झेपावणारा हंस येतो, तोही याच आकाशातला.

याहून स्पष्ट साक्ष महाभारताच्या कर्णपर्वातील हंस आणि कावळा यांच्या कथेची. शल्य ती कर्णाला खिजविण्यासाठी सांगतो. उष्ट्यावर पोसलेला कावळा मानससरोवराहून आलेल्या हंसांपुढे फुशारकी मारतो, की आपल्याला उडण्याचे एकशे एक प्रकार येतात. हंस म्हणतो, आम्हांला एकच येतो. समुद्रावर गेल्यावर कावळ्याचे सगळे प्रकार संपतात, तो पाण्यात बुडू लागतो, आणि हंस त्याला पाठीवर घेऊन परत आणतो. हंसाचे श्रेष्ठत्व येथे रंगात नाही, रूपात नाही, नीरक्षीरविवेकातही नाही. ते एकाच लयीने, न थकता, दूरवर उडण्यात आहे. कथाकाराने स्थलांतर करणाऱ्या पक्ष्याचा मुख्य गुण हेरला होता.

मेघदूतातील हंस सर्वांच्या परिचयाचे आहेत. मेघगर्जना ऐकून मानसाकडे निघालेले हे पक्षी कमळाच्या देठाचे कोंब शिदोरी म्हणून चोचीत घेऊन कैलासापर्यंत मेघाची सोबत करतात, आणि पुढे क्रौंचपर्वतातील खिंडीला हंसद्वार असे नाव मिळते. येथे एक विसंगती आहे. पट्टकादंब मैदाने सोडतो तो साधारणतः मार्च-एप्रिलमध्ये. आषाढाचा मेघ रामगिरीवर येईपर्यंत तो तिबेटात पोहोचून पिलांच्या उस्तवारीत असतो. म्हणून कालिदासाला निसर्गाचे ज्ञान नव्हते असे म्हणावयाचे काय? मैदानात राहणाऱ्याला पावसाळ्यात हंस नसतात आणि शरदात ते परत येतात, हे नक्की दिसते. जाण्याचा नेमका दिवस कोण पाहतो? कवीने त्या अनुपस्थितीला मेघगर्जनेचे कारण जोडले आणि ते पुढे कविसमय झाले. राजशेखराने काव्यमीमांसेत, प्रत्यक्षात नसूनही कवी वर्णितात अशा गोष्टींमध्ये, कोणत्याही जलाशयावर हंस दाखविण्याच्या चालीचा समावेश केला आहे. संकेत हा संकेत आहे, याची दहाव्या शतकात इतकी स्वच्छ जाणीव होती. आपल्या काळात ती उरली नाही, असे खेदाने म्हणावे लागते.

चालीचा मुद्दा मराठी वाचकाला अधिक जवळचा वाटेल. हंसगामिनी, हंसगती हे शब्द आपण सहज वापरतो. पण स्वानाला जमिनीवर चालताना ज्याने पाहिले आहे, तो कोणाही स्त्रीला हंसगामिनी म्हणण्याचे धाडस करणार नाही. त्याचे पाय शरीराच्या फार मागे असतात; पाण्यात वल्ह्यांसारखे उपयोगी पडणारे हे पाय जमिनीवर त्याला अवघडून टाकतात. गूस चरणारा पक्षी आहे, त्याचे पाय शरीराच्या मध्याशी येतात, आणि गवतावरून तो सावकाश, डौलाने, किंचित झुलत चालतो. ज्ञानेश्वरीच्या अठराव्या अध्यायाच्या अखेरीस ज्ञानदेव विनयाने विचारतात, की राजहंसाचे चालणे शहाणे ठरले म्हणून इतरांनी चालूच नये काय. या दृष्टान्तातले सौजन्य तेव्हाच कळते, जेव्हा राजहंस खरोखरच ‘भूतळी’ चालणारा पक्षी असतो. आवाजाचेही तसेच. संस्कृत काव्यात शरदातील हंसांचा कलरव नूपुरांच्या नादाशी तोलला जातो. युरोपातील नित्याच्या पाहण्यातला स्वान मात्र जवळजवळ मुका आहे, आणि त्याच्याभोवतीची दंतकथा तो मरताना एकदाच गातो अशी आहे. दोन प्रतीकांचे स्वभाव याहून परस्परविरुद्ध क्वचितच असतील.

कलेचा पुरावा साहित्याशी जुळतो. लौरिया नंदनगढच्या अशोकस्तंभावर सिंहाच्या पायाखालील पट्टीत हंसांची ओळ कोरली आहे; सांचीच्या स्तंभशीर्षाच्या पट्टीवर त्यांच्या जोड्या आहेत. आखूड चोच, भरीव अंग, मध्यम लांबीची मान : कोणत्याही निरीक्षकाने गूस म्हणून ओळखावेत असे हे पक्षी आहेत. पेशावरजवळ शाहजी-की-ढेरी येथे १९०८-०९ च्या उत्खननात मिळालेल्या कनिष्काच्या अस्थिमंजूषेच्या झाकणाच्या कडेवर पंख पसरलेले हंस चोचीत माळा धरून उडत आहेत. अजिंठ्याच्या दुसऱ्या आणि सतराव्या लेण्यांत हंसजातकाची चित्रे आहेत. पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातील या चित्रकारांना थव्याची हालचाल, मान वळविण्याच्या तऱ्हा, पंख फडफडविण्याची घाई यांचे बारीक ज्ञान होते. पुढे बाराव्या शतकातील हळेबीडच्या मंदिरावर तळाशी फिरणाऱ्या हंसपट्टीत शेपटीच्या जागी पानाफुलांची वेलबुट्टी फुटलेली दिसते. पक्षी अलंकार झाला आहे. तरीही त्याची मान अजून स्वानाची नाही.

येथे प्रतिवाद संभवतो. वासाहतिक भाषांतरकारांनी आपला पक्षी पळविला, असे सरळ म्हणून मोकळे होता येणार नाही, कारण हंसाला पाण्यावर आणि शुभ्रतेत स्थिर करण्याचे काम परंपरेने स्वतःच पुष्कळ आधी सुरू केले होते. अमरकोशात राजहंसाची ओळख पांढरे अंग आणि तांबडी चोच व पाय अशी दिली आहे. त्यात बसणारा पक्षी पट्टकादंब नव्हे. कोणी तेथे रोहित पक्षी पाहतात. यश पांढरे, हास्य पांढरे आणि म्हणून हंसही पांढरा, असे कविसमयांचे आतले गणित असते. नीरक्षीरविवेकाची कथा तर अधिकच उद्बोधक आहे. वाजसनेयी संहितेच्या एकोणिसाव्या अध्यायात लागोपाठच्या दोन मंत्रांत पाण्यातून दूध वेगळे काढून पिणारा आहे तो क्रुंच पक्षी, आणि हंस वेगळा काढतो तो सोम. म्हणजे दूध मुळात हंसाचे नव्हते. शेजारच्या मंत्रातील शेजारच्या पक्ष्याकडून ते त्याच्याकडे आले असावे. शाकुंतलाच्या सहाव्या अंकापर्यंत ही मालकी पक्की झाली होती. अमेरिकन संस्कृतज्ञ चार्ल्स रॉकवेल लॅनमन यांनी १८९८ मध्ये या विषयावर स्वतंत्र निबंध लिहिला आहे. कमळाचा देठ मोडल्यावर निघणारा दुधाळ चीक, तो पाण्यात बुडवलेल्या चोचीने खाणारा हंस, आणि ‘क्षीर’ या शब्दाची द्व्यर्थता यांतून ही कल्पना सुचली असावी, ही उपपत्ती प्रस्तुत लेखकास ग्राह्य वाटते. ज्ञानदेवांनी दुसऱ्या अध्यायात सत् आणि असत् यांच्या निवाड्यासाठी हाच दृष्टान्त योजला, आणि मराठी मनात हंस म्हणजे विवेक हे समीकरण कायमचे बसले. उडणारा हंस अशा रीतीने हळूहळू बसता झाला. नंतर आलेल्या युरोपीय चित्राला रिकामी जागा मिळाली, ती येथे.

ती जागा कशी भरली, हे नलकथेच्याच प्रवासात पाहता येते. महाभारतातील नलाचे हंस सोन्याने मढल्यासारखे आहेत. श्रीहर्षाच्या नैषधीयचरितातील हंसही सुवर्णमय. रघुनाथपंडिताने मराठीत नल-दमयंती स्वयंवराख्यान रचले ते श्रीहर्षाला पुढे ठेवून. १८९९ मध्ये राजा रविवर्मा यांनी ‘हंस-दमयंती’ हे तैलचित्र रंगविले, त्यात मात्र दमयंतीसमोरचा पक्षी पांढराशुभ्र आणि लांब मानेचा आहे. युरोपीय शैलीत रंगविणाऱ्या चित्रकाराने युरोपीय चित्रांतला पक्षी उचलावा, यात नवल नाही. त्यांच्या छापखान्यातून निघालेल्या आणि पुढे इतरांनी नकललेल्या रंगीत छापील चित्रांनी पौराणिक पात्रांचे चेहरे जसे ठरविले, तशीच हंसाची मानही ठरविली. विसाव्या शतकात हान्स अँडरसनची १८४३ ची बदकपिलाची गोष्ट ग. दि. माडगूळकरांच्या गीतातून घरोघर पोहोचली. कुरूप पिलू शेवटी राजहंस ठरते, तेव्हा तो राजहंस डेन्मार्कच्या तळ्यातला स्वान असतो. गीत उत्तम आहे, आणि त्यात चूक कोणतीच नाही. पण त्यानंतर ‘राजहंस’ या शब्दाला ज्ञानेश्वरीकडे परतणे अवघड झाले.

यात गमावले काय? माझ्या मते सर्वांत मोठी हानी थव्याची आहे. पाली महाहंसजातकात सुवर्णहंसांचा राजा पाशात सापडतो, सारा थवा उडून जातो, आणि सुमुख नावाचा सेनापती तेवढा त्याच्यापाशी थांबतो; त्या निष्ठेने पारध्याचे मन द्रवते. रघुनाथपंडिताच्या आख्यानात नल हंसाला धरतो, तेव्हाही बरोबरचे पक्षी भिऊन पळतात. तेथे मात्र कोणीच थांबत नाही, आणि कठीण प्रसंगी कोणी कामास येत नाही, या अर्थाच्या कवीच्या उद्गाराची मराठीत म्हण झाली आहे. एकाच प्रसंगाची ही दोन टोके आहेत : एका ठिकाणी थव्यातून उरलेला एक मित्र, दुसऱ्या ठिकाणी रिकामे तळे. रघुनाथपंडितापुढे जातक होते असे सुचवावयाचे नाही. दोघांपुढे थव्याने राहणारा पक्षी होता, एवढेच. पकडलेला पक्षी एकटा तरंगणारा स्वान मानला, तर पळून जाण्यासाठी कोणी उरतच नाही आणि म्हणीचे कारणच नाहीसे होते.

कबीराच्या आणि एकूण निर्गुणी परंपरेच्या पदांत प्राण म्हणजे हंस, आणि तो देह सोडून एकटाच उडून जातो. इंग्रजी भाषांतरांत तेथे पुष्कळदा स्वान येतो, आणि एकटेपणा हा त्याचा नेहमीचा स्वभावच असल्यासारखे ते वाचले जाते. ज्यांनी ही पदे प्रथम ऐकली, त्यांनी दर शिशिरात आकाशात बाणाच्या टोकासारख्या ओळीने जाणारे हंस पाहिले होते, रात्री त्यांचे हाकारे ऐकले होते. हा पक्षी एकटा कधी उडत नाही, हे त्यांना ठाऊक होते.